स्तुतीचा अभ्यास

चित्रकलेच्या, किंवा हल्लीं जिला ‘डिझाइन’ म्हणतात त्या विद्येच्या शाळेंत शिकणाऱ्या मुलानें जाहिरातीचें काम शिकूं नये असें म्हणणारा सोंवळा मनुष्य आतां महाराष्ट्रांत शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. आणि सांपडला तरी त्याचें वकीलपत्र घेण्याची आमची इच्छा नाहीं. व्यापार आहे तोंवर जाहिरात राहणार, आणि ती राहणारच असेल तर ओबडधोबड असण्यापेक्षां सुबक असावी हें उघड आहे. आमचा प्रश्न याच्या अलीकडचा आहे. जी वस्तु आपण कधीं वापरली नाहीं, जिच्या गुणावगुणांची आपणांस पारख नाहीं, आणि जी खपली काय किंवा न खपली काय, तूर्त आपणांस एका पैचाहि लाभ नाहीं, तिची मोहक स्तुति करण्याचा केवळ अभ्यास म्हणून अभ्यास करणें, या गोष्टीला नीतीच्या दृष्टीनें कांहीं अर्थ आहे कीं नाहीं? प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. परंतु पुष्कळ बुद्धिमान मुलें-मुली आपल्या आयुष्याचीं तीन-चार उमेदीचीं वर्षें ज्या अभ्यासांत घालवितात त्याविषयींचा तो असल्यामुळें आम्ही तो क्षुल्लक मानीत नाहीं.

ज्यांचा या व्यवसायाशीं संबंध आलेला नाहीं अशा वाचकांसाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. जाहिरातवाल्या मंडळींत ‘ब्रीफ’ नांवाचा एक कागद असतो. माल कोणता, तो कोणाला विकावयाचा, त्या गिऱ्हाइकाचें वय काय, तें राहतें कोठें, त्याच्या मनांत कोणती इच्छा किंवा कोणतें भय दडलेलें आहे, जाहिरात पाहिल्यावर त्याला काय वाटावें, बोलण्याचा सूर कसा असावा, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे त्याला सांगावयाची एकच एक गोष्ट कोणती, हें सर्व त्या कागदावर एक-दोन पृष्ठांत लिहिलेलें असतें. चित्रकाराला व लेखकाला त्यावरूनच कल्पना सुचावयाची. नोकरी मागावयास गेलेल्या मुलाला ‘पूर्वीचें काम दाखवा’ म्हणून विचारतात. आणि नोकरी मिळाल्यावांचून काम कोठून येणार? या पेंचांतून सुटण्यासाठीं शाळा असे ब्रीफ स्वतः रचतात, किंवा खऱ्या कंपन्यांकडून मागवितात, आणि विद्यार्थी त्यांवर चित्रें, वाक्यें व योजना तयार करून आपली चोपडी सजवितात. पूर्वीं ती चोपडी काखोटीला मारून कचेऱ्या-कचेऱ्यांतून हिंडावें लागे. आतां ती संगणकाच्या पडद्यावर दाखवितात, इतकाच काय तो फरक.

लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेनें विद्यार्थ्यांसाठीं अशा स्पर्धा १९२४ सालींच सुरू केल्या होत्या. पुढें १९६२ सालीं त्याच शहरीं डिझाइन अँड आर्ट डायरेक्शन ही संस्था निघाली. तिच्या ‘न्यू ब्लड’ स्पर्धेसाठीं नामांकित कंपन्या ब्रीफ देतात, आणि यशस्वी विद्यार्थ्यांना पेन्सिलीच्या आकाराचें पारितोषिक मिळतें. आपल्याकडे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें, म्हणजे १८५७ सालच्या शाळेंत, व्यापारी कलेचा विभाग १९३५ सालीं निघाला आणि १९६१ सालीं त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. स्पर्धेला आलेल्या शेंकडों कल्पना कंपनीला फुकट चाळावयास मिळतात ही तक्रार पुष्कळ ऐकूं येते व ती खोटी नाहीं. पण ती पैशाची तक्रार आहे, आणि तिचा निकाल पैशानें लागूं शकतो. आम्ही ती येथेंच सोडून देतों.

कल्पित विषयावर कौशल्य घासून घेण्याची ही रीत अगदीं नवी आहे असें मात्र कोणी समजूं नये. रोमन बादशाहीच्या आरंभीच्या काळांत तेथील सुखवस्तु घरचीं मुलें वक्तृत्व शिकावयास जात तेव्हां त्यांना असेच विषय मिळत. अगामेम्नोननें आपल्या मुलीचा बळी द्यावा कीं न द्यावा, अलेक्झांडरनें महासागरांत गलबतें लोटावीं कीं मागें फिरावें, सिसेरोनें जीव वांचविण्यासाठीं अँटनीची क्षमा मागावी काय, अशांपैकीं एक विषय घ्यावयाचा आणि ठरलेल्या बाजूनें भाषण रचावयाचें. थोरल्या सेनेकानें उतारवयांत अशा भाषणांचे मासले आठवून आठवून लिहून ठेवले आहेत. त्यांत चमकदार वाक्यांची रेलचेल आहे. मुलीचा बळी म्हणजे काय याचा विचार मात्र एखाद्या वाक्याला टाळी पडावयाची असली तरच डोकावतो. या शाळांतील विषय व्यवहारापासून फार दूरचे, अशी टीका त्या काळींच होत असे. आजच्या ब्रीफवर हा आक्षेप घेतां यावयाचा नाहीं. त्यांतील साबण, बिस्किटें, विम्याचे कागद हीं आपल्या घरांतलींच असतात. फार तर तीं जरा अधिकच जवळचीं आहेत असें म्हणावें लागेल. आमच्याकडेहि समस्यापूर्तीचा खेळ होता. शेवटचा चरण राजानें द्यावा, वरचे तीन कवीनें रचावे. ब्रीफ ही एक समस्याच होय. राजाच्या जागीं साबणवाला बसलेला असतो, आणि दिलेल्या चरणाचा अर्थ प्रत्येक वेळीं ‘हें विकत घ्या’ एवढाच निघतो.

आतां पूर्वपक्ष पाहूं. कोणी म्हणेल कीं लुटुपुटीच्या लढाईंत कोणी मरत नाहीं. विद्यार्थ्यानें एखाद्या निरुपयोगी तेलाची स्तुति केली तरी ती वाचून कोणी तें तेल घेणार नाहीं, कारण ती जाहिरात वर्गाच्या भिंतीपलीकडे जातच नाहीं. शकुनीचें सोंग घेणारा नट कांहीं जुगारी ठरत नाहीं. शिवाय ॲरिस्टॉटलसारख्या तत्त्ववेत्त्यानेंहि सांगितलें आहे कीं दोन्ही बाजू मांडतां आल्या पाहिजेत. दुसऱ्याचा डाव ओळखण्यास तो आपल्याला खेळतां यावा लागतो. नैयायिकांनीं वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले. सत्य कळावें म्हणून होणारा तो वाद, जिंकण्यासाठीं होणारा जल्प, आणि स्वतःचें कांहींच न मांडतां दुसऱ्याचें तेवढें पाडणें ही वितंडा. यांपैकीं शेवटच्या दोहोंनाहि त्यांनीं सरसकट टाकाऊ म्हटलें नाहीं. कोंवळ्या अंकुराभोंवतीं कांट्याचें कुंपण घालावें त्याप्रमाणें तत्त्वाच्या रक्षणाकरितां त्यांचा उपयोग करावा, असें न्यायसूत्रांत आहे. मग विद्यार्थ्याच्या हातीं कांटे आले तर बिघडलें कोठें?

पूर्वपक्ष दुबळा नाहीं, आणि त्याचा अर्धा भाग आम्ही आनंदानें मान्य करितों. ब्रीफवर काम करणारा मुलगा जें शिकतो तें लहानसहान नव्हे. बंधनांत राहून विचार करणें, पाल्हाळ टाकून एकच गोष्ट निवडणें, आपल्याहून अगदीं निराळ्या माणसाच्या जागीं स्वतःला उभें करणें, हे गुण आमच्या साहित्याच्या वर्गांत आम्हांस फारसे शिकवितां आलेले नाहींत. खेड्यांतील अर्धवट साक्षर मातेला बाळाच्या लसीची तारीख कशी लक्षांत राहील, या प्रश्नावर पंधरा दिवस झटलेल्या विद्यार्थ्याला समाजाचें जें ज्ञान होतें तें समाजशास्त्राच्या पुस्तकांतून होणें कठीण. असेहि ब्रीफ असतात, हें विसरून चालणार नाहीं.

पण नटाचा दृष्टांत येथें लागूं पडत नाहीं. नाटकगृहांत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतें कीं हें सोंग आहे; आणि शकुनीचें काम किती वठलें हें खेळ सुटल्यावर किती प्रेक्षक फांसे टाकावयास गेले यावरून कोणी ठरवीत नाहीं. जाहिरातीच्या अभ्यासाचें मोजमाप मात्र तसेंच आहे. ‘हें पाहून गिऱ्हाईक हालेल काय?’ हाच परीक्षकाचा प्रश्न. गिऱ्हाईक कल्पित असलें तरी त्याला हालविण्याची विद्यार्थ्याची खटपट कल्पित नसते. महिनोन् महिने तो एका माणसाला मनांत उभा करितो आणि त्याला कोठें दाबलें म्हणजे तो वांकतो हें शोधीत बसतो. दीर्घकाळ, खंड न पाडतां आणि आस्थेनें केलेला अभ्यास दृढ होतो असें योगसूत्रांत म्हटलें आहे. तेथें विषय चित्ताच्या स्थैर्याचा आहे. तथापि नियम सर्वच अभ्यासांना लागू आहे. तालमींत घुमविलेली मुद्गल कोणाच्या डोक्यांत बसत नाहीं, तरी ती घुमविणाराचा दंड तयार होतोच.

‘ब्रीफ’ हा शब्द या मंडळींनीं उचलला तो बहुधा वकिलांकडून. इंग्लंडांत बॅरिस्टराच्या हातीं पडणाऱ्या कागदांचें तेंच नांव. शब्दाबरोबर त्यांनीं वकिलाचें समर्थनहि घेतलें आहे. वकील अशिलाची बाजू मांडतो, अशील निर्दोष आहे अशी शपथ घेत नाहीं; मग आम्हीच कां घ्यावी? यांत एक लहानशी गोष्ट सुटते. कोर्टांत समोर दुसरा वकील असतो, वर न्यायाधीश असतो, साक्षीदाराची उलटतपासणी होते, आणि हें एका बाजूचें बोलणें आहे हें सर्वांस आधींच माहीत असतें. वकिलाची एकांगी वाणी क्षम्य ठरते ती या सर्व व्यवस्थेमुळें. जाहिरात जेथें वाचली जाते तेथें यांतलें काय असतें? लोकल गाडीच्या डब्यांत घामानें निथळत उभा असलेला कारकून हा न्यायाधीश नव्हे. त्याच्यासमोर दुसऱ्या पक्षाचा वकील नाहीं. असलाच तर तो दुसऱ्या साबणाचा आहे. १९८५ सालीं जाहिरातवाल्यांनींच आपणांवर नियंत्रण ठेवण्यासाठीं ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ही संस्था काढली, आणि २०१९ च्या ग्राहकसंरक्षण कायद्यानें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना दंडाची तरतूद केली. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. परंतु तक्रार आल्यावर चौकशी करणारा पंच आणि बोलतांना समोर बसलेला न्यायाधीश यांच्यांत महदंतर आहे.

या प्रश्नाची किल्ली आम्हांस सांपडली ती अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, म्हणजे पूर्वमीमांसेंत. वेदांतील वाक्यांचा अर्थ लावतांना मीमांसकांपुढें एक अडचण होती. ‘अमुक करावें’ असें सांगणारीं वाक्यें समजतात. परंतु त्यांच्या आगेंमागें पुष्कळ निव्वळ स्तुति असते, तिचें काय करावें? ऐश्वर्याची इच्छा करणारानें वायूला उद्देशून याग करावा, असा विधि. आणि त्याच्या लगत, वायु हा देवतांमध्यें सर्वांत शीघ्रगति आहे, अशी प्रशंसा. या दुसऱ्या प्रकारास त्यांनीं ‘अर्थवाद’ म्हटलें, आणि त्याचा निकाल मोठ्या मार्मिकपणें लावला. अर्थवादाला स्वतंत्र प्रामाण्य नाहीं. तो विधीशीं जोडलेला असतो, विधीकडे माणसाचें मन वळावें एवढेंच त्याचें काम, आणि विधि प्रमाण म्हणून अर्थवाद ग्राह्य. लोकमान्यांनीं ‘गीतारहस्यां’त ग्रंथाचें तात्पर्य काढण्याचीं मीमांसकांचीं जीं साधनें सांगितलीं आहेत त्यांतहि हा अर्थवाद आहे, आणि सिद्धांत कोणता हें ठरवितांना तो बाजूला ठेवावयाचा असतो.

जाहिरात म्हणजे अर्थवाद होय. यांत तिचा अपमान नाहीं. स्तुति ही मानवी वाणीची एक थोर शक्ति आहे, आणि ‘मुलांना लस टोंचून घ्या’ हें नुसतें सांगून भागत नाहीं, तें मनांत भरवावें लागतें, हें मीमांसकांना आपल्यापेक्षां आधीं कळलें होतें. परंतु अर्थवाद उभा राहतो तो विधीच्या बळावर. विधि तपासला असेल तर स्तुति शोभते. तो तपासलाच नसेल तर सर्व इमारत अधांतरीं. आता डिझाइनच्या वर्गांत होतें काय तें पाहावें. विधि येतो कागदावर लिहून, वरून आलेला, अपौरुषेय! त्याची मीमांसा करणें हा अभ्यासाचा भागच नसतो. विद्यार्थ्याला गुण मिळतात ते अर्थवादाचे. चार वर्षें तो प्रशंसेचे नवेनवे प्रकार शिकतो, आणि प्रशंसेच्या विषयाकडे संशयानें पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर एकदांहि येत नाहीं. आमचा आक्षेप आहे तो येथें. त्यानें खोटें बोलण्याची तालीम केली असें आम्ही म्हणत नाहीं. खरें कीं खोटें हें न विचारण्याची तालीम केली असें म्हणतों, आणि ती आम्हांस अधिक घातक वाटते. खोटें बोलणाराला निदान खरें काय तें माहीत असतें.

हें सर्व हवेंतील तर्कट वाटूं नये म्हणून एक हकीकत सांगतों. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची कन्या डिझाइनच्या तिसऱ्या वर्षांत आहे. एके दिवशीं ती मराठी वाक्याच्या मदतीसाठीं आमच्याकडे आली. तिच्या वर्गाला मिळालेला ब्रीफ मोबाइलवरून पांच मिनिटांत कर्ज देणाऱ्या एका कल्पित कंपनीचा होता. गिऱ्हाईक अठरा ते चोवीस वर्षांचें, लहान गांवांतून शहरांत शिकावयास आलेलें. कागद पाहून आम्ही थक्क झालों. त्या मुलांना महिन्याच्या कोणत्या आठवड्यांत पैशाची चणचण भासते, मित्रांबरोबर उपाहारगृहांत जेवावयास गेल्यावर बिल येतांच त्यांच्या मनाची काय अवस्था होते, घरीं पैसे मागण्याची लाज मुलींना अधिक वाटते कीं मुलग्यांना, याचें इतकें बारीक वर्णन आम्ही अलीकडच्या कादंबऱ्यांत वाचलेलें नाहीं. सांगावयाची एकच गोष्ट अशी कीं, आतां कोणापुढें हात पसरावयास नको. मुलीनें चित्र फार सुंदर काढलें होतें. फोनवर ‘बाबा’ हें नांव आणि त्यावर घुटमळणारा अंगठा. वाक्य तेवढें हवें होतें.

आम्ही विचारिलें, “व्याज काय दरानें?”

ती म्हणाली, “सर, ब्रीफमध्यें व्याज दिलेलेंच नाहीं.”

“मग शिक्षकांना विचारलेंस कां?”

“विचारलें. ते म्हणाले, कंपनी कल्पित आहे, दर काय पाहिजे तो धर. आणि जाहिरातींत तो घालावयाचा नाहींच.”

शिक्षकांचें उत्तर तर्कदृष्ट्या बिनतोड होतें. जी कंपनीच नाहीं तिचें व्याज कोठून असणार? तरी पण ज्या कागदावर गिऱ्हाइकाची लाजसुद्धां अशी तोलून मापून लिहिलेली आहे त्यावर कर्जाचा दर नसावा, ही गोष्ट आम्हांस कल्पित वाटेना. रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं मोबाइलवरून दिल्या जाणाऱ्या कर्जांसाठीं जे नियम केले त्यांत सर्व खर्च धरून वार्षिक दर किती पडतो हें करारापूर्वीं कर्जदाराला सांगणें आवश्यक ठरविलें आहे. म्हणजे जें सांगणें खऱ्या कंपनीला भाग आहे तें कल्पित कंपनीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असण्याचेंहि कारण पडत नाहीं!

मुलगी हुशार. तिनें महिना तीन टक्के दर धरला, पांच हजारांवर वर्षाचे अठराशें होतात असा हिशेब केला, आणि तोच आंकडा मोठ्या अक्षरांत घालून दुसरें चित्र तयार केलें. वर्गांत तिनें हें दुसरें दिलें. त्याला बेताचेच गुण मिळाले, आणि आम्हांला वाटतें ते योग्यच होते. आंकडा ठोकळ्यासारखा बसला होता, चित्रांत जीव नव्हता. पोर्टफोलिओंत मात्र तिनें पहिलेंच ठेविलें आहे, कारण उन्हाळ्याच्या सुट्टींत उमेदवारी मिळावयाची ती त्यावर. आम्ही तिला बरें-वाईट कांहींच म्हटलें नाहीं. तिच्या वडिलांनीं तिच्या फीसाठीं कर्ज काढलेलें आहे, हेंहि आम्हांस माहीत आहे.

माणसाची लाज हें जाहिरातीचें जुनें खाद्य आहे. ‘फेअर अँड लव्हली’ हें मलम हिंदुस्थानांत १९७५ सालीं आलें आणि त्याच्या नांवांतील ‘फेअर’ म्हणजे गोरें, तें २०२० सालीं गेलें; त्याचें ‘ग्लो अँड लव्हली’ झालें. मधल्या पंचेचाळीस वर्षांत सांवळी मुलगी उजळली आणि मग तिला स्थळ किंवा नोकरी मिळाली, ही कथा किती तऱ्हांनीं सांगितली गेली हें ज्याच्या घरीं दूरदर्शन होतें त्याला सांगावयास नको. तीं चित्रें काढणारीं माणसें दुष्ट होतीं असें आम्ही क्षणभरहि समजत नाहीं. ती कथा त्यांनीं निर्माण केली नव्हती. लग्नाच्या बाजारांत ती त्यांच्या आधींपासून होती. ब्रीफमध्यें ती ‘गिऱ्हाइकाच्या मनांतील सत्य’ म्हणून आली असेल, आणि तें सत्य होतेंहि. सत्याचा शोध लागल्यावर त्याचें काय करावयाचें, येवढा एकच प्रश्न त्या कागदावर नसतो.

व्यवसायाच्या आंतूनच कोणी हा प्रश्न विचारला नाहीं असें नव्हे. १९६४ सालीं इंग्लंडांतील केन गार्लंड या डिझायनरनें एक लहानसा जाहीरनामा काढला. मांजराचें खाद्य, पट्ट्यापट्ट्यांची दंतपेस्ट असल्या गोष्टींवर आमची बुद्धि कां खर्च व्हावी, रस्त्यांवरच्या पाट्या, पुस्तकें, शिक्षणाचीं साधनें यांकडे ती कां वळूं नये, असा त्याचा आशय होता. वीसांहून अधिक सह्या त्यावर होत्या. पुढें २००० सालीं तो तेहतीस सह्यांनिशीं नव्यानें प्रसिद्ध झाला. जाहीरनामा वाचून अंगावर रोमांच येतात हें खरें, पण तो कामांची प्रतवारी लावतो आणि थांबतो. मांजरांना खाऊं घालणें हें कांहीं पाप नव्हे. न्यूयॉर्कच्या मिल्टन ग्लेझरनें (१९२९-२०२०) केलेली गोष्ट आम्हांस अधिक उपयोगाची वाटते. दान्तेच्या काव्यावर चित्रें काढीत असतां त्याला नरकाकडे जाणाऱ्या रस्त्याची कल्पना सुचली, आणि त्यानें डिझायनरासाठीं त्या रस्त्याच्या बारा पायऱ्या लिहून काढल्या. पहिली पायरी अगदीं सोपी: दुकानाच्या फळीवर मोठें दिसेल असें वेष्टन तयार करणें. मग कंटाळवाणा चित्रपट गंमतीदार भासविणें, नव्या द्राक्षमळ्याला जुनाट घराण्याचें वाटेल असें चिन्ह काढून देणें. सातव्या पायरीवर मुलांसाठींचें भरमसाट साखरेचें खाद्य येतें, नवव्यावर ज्याचा उपयोग नाहीं हें ठाऊक आहे असें बारीक होण्याचें औषध, आणि बाराव्यावर जी वस्तु नेहमीं वापरल्यास वापरणाराचा जीव जाऊं शकतो तिची जाहिरात. ग्लेझर कोणाला दोष देत नाहीं. तूं कोठें थांबशील, एवढेंच विचारतो. या यादीचें मर्म असें कीं पहिल्या पायरीवर थांबणारा मनुष्य हास्यास्पद दिसतो आणि बाराव्या पायरीवरचा भयंकर, परंतु कोणत्याहि दोन लगतच्या पायऱ्यांमध्यें उंची फार नाहीं.

येथें आमचे एक कवि-मित्र आम्हांला अरुण कोलटकरांचें उदाहरण देतात. जे. जे.मध्यें शिकलेल्या कोलटकरांनीं वर्षानुवर्षें जाहिरातीच्या व्यवसायांत आर्ट डायरेक्टर म्हणून काम केलें, त्या क्षेत्रांतील पारितोषिकें पटकाविलीं, आणि त्याच काळांत ‘जेजुरी’सारखें काव्य लिहिलें. तेव्हां एका हातानें स्तुति विकणाराचा दुसरा हात बाटतो हें म्हणणें फोल आहे, असें आमच्या मित्राचें म्हणणें. आम्हांस हें उदाहरण मान्य आहे, पण तें भलतीकडेच बोट दाखवितें. ज्या कवीनें देवळाच्या पायरीवर बसूनहि डोळे मिटले नाहींत, दगड कोणता आणि देव कोणता हें उघड्या डोळ्यांनीं पाहिलें, त्याची पाहण्याची शक्ति कोणा ब्रीफनें घडविलेली नव्हती. ती त्यानें दुसरीकडे, दुसऱ्या कष्टांनीं मिळविली आणि जपली. प्रत्येक विद्यार्थ्याला अशी दुसरी खोली बांधतां येईल काय? आणि नसेल येत, तर शाळेनें पहिल्याच खोलीला एक खिडकी ठेवावी हें बरें नव्हे काय?

ती खिडकी कोणती, तें थोडक्यांत सांगतों. ब्रीफवरचा अभ्यास बंद करावा असें आम्ही म्हणत नाहीं. प्रत्येक ब्रीफबरोबर विद्यार्थ्याकडून एक जास्तीचा कागद मागावा: या मालाविषयीं काय माहीत असल्याशिवाय मी त्याची स्तुति करूं नये, आणि त्यांतलें काय मला सांगितलेलें नाहीं? त्या कागदाला चित्राइतकेच गुण असावेत. शिवाय वर्षांतून एकदां तरी असा ब्रीफ द्यावा कीं जो परत करणें हेंच योग्य उत्तर ठरेल. आणि परत करितांना मालकाचा अपमान न करितां, त्याला पटेल अशा भाषेंत कारण लिहावयास लावावें. नकार देणें ही सुद्धां एक कला आहे, तिलाहि रियाज लागतो, आणि ज्या वयांत नकाराची किंमत फक्त दहा-वीस गुण एवढीच असते तें वय पुन्हां येत नाहीं. नोकरींत पहिला नकार देण्याची वेळ येईल तेव्हां घराचा हप्ता चालू झालेला असेल.

यावर एका अनुभवी शिक्षकांनीं आम्हांस सांगितलें कीं, “तुम्ही मुलांना ओळखत नाहीं. नकाराला गुण आहेत असें दिसतांच तीं नकाराच्याहि सुंदर जाहिराती करतील.” हा आक्षेप आम्हांला मोलाचा वाटतो, कारण तो खरा आहे. सदाचरणाला गुण देऊं लागलें कीं सदाचरणाचा देखावा सुरू होतो, हा अनुभव शाळांच्या बाहेरहि येतो. म्हणून वरील दोन गोष्टींना गुण द्यावेत, परंतु तिसरी एक गोष्ट गुणांवांचून करावी. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यांत प्रत्येक विद्यार्थ्यानें ग्लेझरच्या त्या बारा पायऱ्या वाचाव्या, आपण कोणत्या पायरीवर थांबूं तें एका चिठ्ठीवर लिहावें, आणि चिठ्ठी पाकिटांत घालून स्वतःजवळ ठेवावी. शेवटच्या वर्षीं, पोर्टफोलिओ पुरा झाल्यावर, यादी पुन्हां वाचून नवी चिठ्ठी लिहावी आणि मग जुनें पाकीट फोडावें. दोन्ही चिठ्ठ्या कोणाला दाखविण्याचें कारण नाहीं. शिक्षकांनींहि वाटल्यास आपापलीं पाकिटें करावीं. त्यांच्यापैकीं बरेच जण दुपारनंतर कोणत्या ना कोणत्या कंपनीचें काम करीत असतात.